मौन आणि संमती

म्युनिकहून भाच्याने लिहिले, "मामा, आमच्या मराठी संकेतस्थळासाठी कुकीच्या परवानगीची दोन वाक्ये लिहून द्या." कुकी म्हणजे नानकटाईची विलायती बहीण, एवढेच माझे ज्ञान! संकेतस्थळ वाचकाच्या ब्राउझरमध्ये ओळखीची एक चिठ्ठी ठेवते, तिचे हे नाव, असे त्यानेच मला समजावले. लॉगिनला लागणाऱ्या चिठ्ठीला परवानगी नको. पण जाहिरातींसाठी वाचकाच्या मागावर राहणाऱ्या चिठ्ठीला युरोपात ती आधी घ्यावी लागते.

मी प्राध्यापकी थाटात लिहिले : "आपण काही न कळविल्यास आपली संमती गृहीत धरली जाईल." कॉलेजच्या नोटिशीतले आमचे हुकमी वाक्य!

ते तत्काळ परत आले. "मामा, २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे. आधीच खूण करून ठेवलेला चौकोनही युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी नामंजूर केला. वाचकाने स्वतः 'हो' म्हणायला हवे. आणि तो 'हो' तितक्याच सहज परतही घेता यायला हवा."

मौन हे संमतीचे लक्षण, असे वर्गात वीस वर्षे सांगत आलेला मी! ही गंमत मी सौ.ला वाचून दाखवली. ती हसली नाही.

"दहा वर्षांपूर्वी माझी नोकरी सुटली, तेव्हा मी गप्पच होते."

"पण तू 'नको' कुठे म्हणालीस?"

"तुम्ही विचारले होते?"

भाच्याची वाक्ये मी नव्याने लिहिली. 'नाही'ला 'हो'एवढीच जागा ठेवली. मग स्वयंपाकघरात गेलो. एक प्रश्न दहा वर्षे विचारायचा राहिला होता.