गाडीला नंबर दिला, मिस्त्रीचं काय?

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे नियम केले. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी. गाडी मूळ रूपात पाहिजे, मोठे फेरफार चालणार नाहीत. उत्तम. पण ती मूळ रूपात चालू ठेवणार कोण?

जुनी फियाट घ्या, नाहीतर ॲम्बेसेडर. ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. आत कॅम फिरतो, पॉइंट उघडतो आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी मिळते. पॉइंटमधली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती कमीजास्त झाली की टायमिंग सरकलंच. मग गाडी चढाला दम टाकते, इंजिन तापतं, सायलेन्सरमधून फटाके वाजतात.

आणि आपल्याकडे होतं काय? निम्मे लोक कार्बोरेटर खोलून बसतात. बाकीचे नवा पॉइंट टाकून गाडी परत देतात. थोड्याच दिवसांत तोही जळतो, कारण कंडेन्सर गेलाय हे कुणी बघितलेलंच नसतं. कधी बुश झिजून शाफ्ट हलत असतो. अशा वेळी फट दहादा लावा, इंजिन फिरलं की ती बदलणारच. तिथे लेथवर नवं बुश करून बसवावं लागतं. आधी शाफ्ट तपासायचा, मग फट, शेवटी टायमिंग. हा क्रम पुस्तकात मिळेल. पण शाफ्टचा खेळ किती चालेल, हे ज्याच्या बोटांना कळतं तो मिस्त्री आज साठी-सत्तरीत आहे आणि त्याच्या हाताखाली पोरगं नाही.

कुणी म्हणेल, इलेक्ट्रॉनिक किट बसवा, कटकट संपली. रोज वापरायच्या गाडीला खुशाल बसवा! पण वारसा म्हणून नंबर घ्यायचा, मूळ रूपाची अट घालायची आणि मूळ भाग दुरुस्त करणारा हात मरू द्यायचा, हे कुठलं धोरण?

मालकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. रंगाला, क्रोमला लाखाने खर्च करतील आणि मिस्त्रीच्या पाचशे रुपयांवर घासाघीस करतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, तेव्हा सगळे हळहळले. या टॅक्सी वर्षानुवर्षं चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्र्यांसाठी किती जण हळहळले?

मागणी फार मोठी नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहेच. तिथे या जुन्या मिस्त्र्यांना तासावर मानधन देऊन बोलवा. अनुभवाने आलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र द्यायची सरकारी योजना आहे, त्यात त्यांना घ्या. नोंदणीच्या फीतला थोडा वाटा यासाठी ठेवा.

नाहीतर दहा-पंधरा वर्षांनी रॅलीत ‘व्हीए’ नंबरच्या चकाचक गाड्या येतील... टेम्पोवर चढवून. तुमच्या गावात असा मिस्त्री असेल, तर आमदारांना आणि आयटीआयच्या प्राचार्यांना एक पत्र तरी लिहा.