विकले न गेलेले घर

थ्रेड : वळिवडे, १९४३ ते १९४८

१/८ गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत, लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटले की जिल्ह्यातील कुटुंबे गांधीनगरची वाट धरतात. कोल्हापूरच्या पूर्वेची ही कापडपेठ जेथे वसली, तेथे दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची वळिवडे छावणी होती.

२/८ १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी १९४० पासून लाखो नागरिक सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार झाले. घाईत जे हाती लागले ते त्यांनी उचलले : पिसांची रजई, शिलाई यंत्र, मेरीमातेची तसबीर, घरच्यांचे छायाचित्र.

३/८ १९४१ च्या करारानंतर सुटका झाली. इराणमार्गे भारतात आलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण वळिवड्यात राहिले; त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. मात्र रजया, घड्याळे, अंगठ्या हद्दपारीच्या काळातच अन्नासाठी विकल्या गेल्या होत्या.

४/८ ज्याला बाजारात मोल होते ते गेले. ज्याला नव्हते ते उरले. म्हणूनच एखादे मळलेले छायाचित्र वा प्रार्थनेचे पुस्तक हा इतिहासाचा किरकोळ अवशेष नव्हे. भुकेपुढेही काय जपले गेले, याची ती साक्ष आहे.

५/८ वळिवड्यात त्यांनी चर्च उभारले, पोलिश शाळा चालवल्या, नाटके केली. युद्ध संपले, तरी पूर्व पोलंड सोव्हिएत संघातच राहिला. अनेकांचे गाव जागेवर होते, देश मात्र बदलला होता. परतीचे घर उरले ते त्या वस्तूंतच.

६/८ फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित वसले आणि गांधीनगर उभे राहिले. एकाच भूमीने दोन समाजांचे घर हरवलेले पाहिले.

७/८ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश स्मारक आहे. २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मृतिस्तंभ उभा राहिला. ही कृतज्ञता योग्यच आहे. परंतु दगडावर संख्या आणि सनावळी मावते. एखाद्या आईने भुकेल्या लेकरांसमोरही तसबीर का विकली नाही, हे मावत नाही.

८/८ सिंधी कुटुंबांच्या कपाटांत आणि जगभर विखुरलेल्या पोलिश घरांत अशा वस्तू आज असतील, तर त्यांची नोंद आताच व्हायला हवी : वस्तू कोठली, कोणी आणली, का विकली नाही. तिची कथा सांगणारी पिढी मावळली, की तसबीर केवळ जुना कागद ठरेल आणि एक घर दुसऱ्यांदा हरवेल.