दणदणाट म्हणजे साउंड नव्हे, राजेहो!

अमरावतीत इर्विन चौक असो की अकोल्यात सर्वोपचारचा रस्ता, काचा खाली करून वूफर दणाणवत गाडी जातेच. आत पेशंट झोपलेला असते, भाऊ! ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार शांतता क्षेत्रात मर्यादा दिवसा 50 अन् रात्री 40 डेसिबल आहे.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. तो वाढवला की आवाज फाटते, नंबरप्लेट थरथरते अन् गाणं मरते. त्यापेक्षा दाराची भोकं बुजवा, डॅम्पिंग शीट लावा, प्लस-मायनस तपासा. दारातल्या स्पीकरला 80 हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावा, खालचा बास सबवूफरवर सोडा.

पोलिसांनी दंड करावाच. पण फिटिंगवाल्या भाऊंनीही गिऱ्हाइकाला सांगावं: काचा बंद असताना गोड वाजते, तेच खरं ट्युनिंग. पटते का?