ऊन न सोसणारे लेकरू



दोन वर्षांच्या आतच लेकराच्या तोंडा-हातावर दाट काळे ठिपके उठले, थोड्या उन्हानेही कातडी भाजली, डोळ्यांना उजेड सोसेना, तर नजर लागली म्हणून बसू नका. हा ‘झिरोडर्मा पिग्मेंटोसम’ नावाचा दुर्मिळ आनुवंशिक रोग असू शकतो. यात उन्हाने पेशींची झालेली नासधूस शरीराला दुरुस्त करता येत नाही. वयाच्या १० वर्षांआधीच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

संकरित कपाशीची सरकी फिरून पेरली की दडलेले गुण वर येतात, तसेच हे. आई-बाप धडधाकट, पण दोष दोघांतही दडलेला. मग दर खेपेला ४ पैकी १ धोका. नात्यातल्या लग्नात हा योग अधिक.

अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रक्ताच्या जनुक तपासणीने निदान पक्के होते. रोग जात नाही, पण ऊन टाळले तर कर्करोग टाळता किंवा लांबवता येतो. शेतात बाभळीखालची झोळी मात्र पुरत नाही; अशा लेकराला दिवसा घरातच ठेवा.