सापळा दुरुस्त कोण करणार?

मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये पहिला प्रश्न आला, "तू? मराठीत?" बरोबरच आहे म्हणा. मी कॉन्व्हेंटची. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मी आजही गडबडते, आणि गेटवरच्या भाजीवाल्या मावशी मला हसत हसत इंग्लिशमधून पैसे सांगतात. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका मॅडमनी पोटात घालाव्यात, आणि विषय ऐकून रेक्टर मॅडमनी कपाळाला हात लावू नये. विषय आहे गेम. झॉम्बीचा गेम. त्यातही फक्त सापळे.

थांबा, पान उलटू नका! गेम न खेळणाऱ्यांनाही समजेल असंच लिहिते.

गेमचं नाव 'सेव्हन डेज टु डाय'. डिसेंबर २०१३ मध्ये तो अर्धवट अवस्थेत बाजारात आला आणि त्याची १.० आवृत्ती यायला जुलै २०२४ उजाडला. साडेदहा वर्षं! आपल्याकडे केटी राहिलेला सिनियरसुद्धा त्याआधी पास होतो. असो. अमेरिकेतल्या अॅरिझोनात एक काल्पनिक मुलूख आहे, तिथे जग बुडालंय आणि आपण उरलोय. लाकूड तोडा, दगड फोडा, घर बांधा. आणि दर सातव्या रात्री 'ब्लड मून'. आकाश लाल होतं आणि रात्री १० ते पहाटे ४ पर्यंत झॉम्बींची झुंड थेट तुमच्या घरावर चालून येते.

आता हिशेब बघा. गेममधला एक दिवस म्हणजे आपले ६० मिनिटं. म्हणजे सात दिवसांची तयारी सात तासांची आणि रात्री १० ते ४ ची परीक्षा फक्त १५ मिनिटांची. सेमिस्टरभर जर्नल लिहा आणि ओरलमध्ये एका प्रश्नात आडवे व्हा, तसंच.

आम्ही चौघी खेळतो. कोल्हापूरची कॉम्प्युटरवाली, नागपूरची ई अँड टीसीवाली, माझी रूममेट लातूरची मेकॅनिकलवाली आणि मी इलेक्ट्रिकल. एका लॅपटॉपवर गेम होस्ट करायचा, जुन्या राऊटरला चार केबल जोडायच्या आणि शनिवारी मेसचं जेवण झालं की बसायचं. चौघी खेळल्या की झुंडही चौघींच्या मापाची येते, त्यामुळे नुसत्या बंदुकांनी भागत नाही. सापळे लागतात.

सापळ्यांबद्दल सगळे एकच प्रश्न विचारतात, "सगळ्यात जास्त डॅमेज कशाचं?" मीही तेच विचारायची. आता मात्र माझं मत असं आहे की हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, "हा सापळा दुरुस्त कोण करणार?" या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

पण आधी जागेचं बोलू. नवा खेळाडू काय करतो? घराला चारी बाजूंनी भक्कम भिंती घालतो आणि भिंतींभोवती लाकडी सुळे पेरतो. आम्हीही तेच केलं आणि पहिल्याच ब्लड मूनला बाद झालो. कारण २०१८ च्या अखेरीस आलेल्या अल्फा १७ पासून या झॉम्बींना रस्ता शोधता येतो. त्यांना वाट मिळाली की ते वाटेने येतात. वाट नसली तर जिथे कमी मेहनत पडेल तिथली भिंत फोडायला घेतात. चारी बाजू बंद केल्या तर ते चारी बाजूंनी फोडणार आणि तुमचे निम्मे सुळे नको त्या ठिकाणी ताटकळत बसणार! म्हणून शहाणा माणूस एक वाट मुद्दाम उघडी ठेवतो. एक जिना, एक अरुंद बोळ. झुंड तिथूनच येते आणि सगळे सापळे त्या बोळात लागतात. (गेट १० वाजता बंद झाल्यावर मागच्या कंपाउंडची एकच वीट का निखळलेली असते, याचंही उत्तर यात आहे. जास्त बोलत नाही.)

आता निवड. लाकडी सुळे स्वस्त, वीज नको, कुणीही बनवावेत. पण प्रत्येक वाराबरोबर ते स्वतःही झिजतात आणि शेवटी मोडून जातात. काटेरी तार मारायला फारशी नसते, ती वेग कमी करते. विजेचं कुंपण म्हणजे दोन खांब आणि मध्ये तार. त्याला चिकटलेला झॉम्बी थरथरत जागच्या जागी उभा राहतो, तेवढ्यात वरून गोळी घालायची. आणि मग सगळ्यांचं लाडकं, ब्लेड ट्रॅप. गरगर फिरणारी पाती. समोर येईल त्याचा चुरा. ही विजेची भानगड गेममध्ये २०१७ च्या अल्फा १६ ला आली आणि माझ्यासारख्या इलेक्ट्रिकलवाल्यांचं भलं झालं.

ब्लेडला २० वॉट लागतात, कुंपणाच्या खांबाला ५. जनरेटरमध्ये सहा इंजिनं बसवली की ३०० वॉट मिळतात. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, ३०० भागिले २०, पंधरा ब्लेड! पंधरा नाही, पण आठ लावली. बोळाच्या दोन्ही बाजूंना चार-चार. स्विच वर, माझ्या मचाणावर. काय रुबाब होता! कोल्हापूरची म्हणाली, "अगं हा तर मिक्सर झाला."

लातूरची तेवढं म्हणाली, "एवढी नको गं. दोन पुरे. बाकी काटेरी तार टाकू." मी म्हटलं, "तारेने मरतंय का कोण?"

ती गप्प बसली. कारण तिचं काम दुरुस्तीचं होतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याला सापळा निवडताना कुणी विचारत नाही. ब्लेड प्रत्येक फटक्याला झिजतं. झिजलं की थांबतं. मग बोळात उतरायचं, पात्यांजवळ जायचं आणि ते नीट करायचं. आणि ही पाती माणूस ओळखत नाहीत. झॉम्बीला कापतात तशीच आपल्यालाही कापतात. म्हणजे दुरुस्तीला जाताना वीज बंद हवी. म्हणजे स्विच बंद हवा. आणि स्विच माझ्याकडे.

गेममधली २८ वी रात्र. झुंड मध्येच जरा ओसरली. लातूरची ओरडली, "बंद कर, उतरतेय!" मी बंद केला. ती उतरली, एकेक ब्लेड नीट करत पुढे सरकली. पाचव्याजवळ असताना बोळाच्या तोंडाशी पुढची झुंड दिसली. मला वाटलं तिला वाचवावं. खरंच तसंच वाटलं. मी स्विच चालू केला.

आठ ब्लेड एकदम फिरली. झॉम्बी अजून वीस पावलं लांब होते. पाती चालली ती तिच्यावर.

नागपूरची हसली, मीही हसले. गेममध्ये असं होतं. लातूरचीने मात्र लॅपटॉप मिटला, बाटली उचलली आणि कूलरवर पाणी भरायला गेली. अर्धा तास आली नाही. कूलर आमच्या खोलीपासून दहा पावलांवर आहे.

खरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. या गेममध्ये विजेच्या सापळ्याने मेलेल्या झॉम्बीचं एक्सपी आपोआप मिळत नाही. त्यासाठी एक कौशल्य घ्यावं लागतं, आणि त्याचं नाव आहे 'अॅडव्हान्स्ड इंजिनिअरिंग'. (इंजिनिअरिंग केल्याशिवाय तिथेही कुणी विचारत नाही!) ते मी घेतलं होतं. पण एक्सपी मिळतं सापळा ज्याने लावला त्याला, म्हणजे मला. महिनाभर माझी लेव्हल धडाधड वर जात होती. ती ब्लेड चालू ठेवत होती लातूरची, आणि तिच्या लेव्हलकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. ती रागावली होती ती एकदा मेली म्हणून नाही. चार आठवडे तिच्या मेहनतीवर मी हुशार ठरत होते म्हणून. तिने हे मला सांगितलं नाही. ती सांगणाऱ्यातली नाही. मी दोघींच्या लेव्हल शेजारी शेजारी बघितल्या तेव्हा माझं मलाच कळलं.

त्यानंतरचे दोन शनिवार आम्ही खेळलो नाही. ती म्हणायची सबमिशन आहे. होतंही. पण शेजारच्या कॉटवर कुणी नेमकं 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायला लागलं की खोली किती मोठी वाटते, हे हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको.

याच दिवसांत आमच्या मजल्यावरची लाईट गेली. कुणीतरी बादलीत रॉड लावला होता, नाव घेत नाही. वायरमन काका आले. आमची इमारत जुनी, पॅनलमध्ये अजून चिनी मातीच्या किटकॅट आहेत. काकांनी मजल्याच्या किटकॅट काढल्या, पॅनलवर 'काम चालू आहे, हात लावू नये' ही पाटी अडकवली आणि किटकॅट शर्टाच्या खिशात टाकून आत निघाले.

मी विचारलं, "काका, पाटी लावलीय ना, मग किटकॅट खिशात कशाला?"

काका म्हणाले, "पाटी वाचणाऱ्यासाठी, ताई. खिसा न वाचणाऱ्यासाठी."

तीन वर्षं इलेक्ट्रिकल शिकतेय. सेफ्टीचा धडा पहिल्या वर्षीच झाला, त्यावर मार्कही मिळाले. पण जो तारेला हात लावणार, वीज त्याच्या खिशात हवी, एवढी साधी गोष्ट मला माझ्याच बोळात सुचली नाही. माझ्या डोक्यात स्विच म्हणजे अधिकार होता. काकांच्या खिशात तो जीव होता.

त्या रात्री मी लातूरचीला म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "गेम आहे गं." मी म्हटलं, "गेमचं नाही म्हणत मी." मग ती जरा वेळाने म्हणाली, "स्विच खाली आण आधी."

आता आमचा बोळ असा आहे. ब्लेड दोनच, तीही बोळाच्या शेवटी, जिथे बाजूच्या दाराने शिरून हात पोचतो. त्याआधी विजेच्या कुंपणाची एक ओळ. सगळ्यात पुढे काटेरी तार आणि लाकडी सुळे. तिथे वीजच नाही, त्यामुळे स्विचची वाट न बघता जाता येतं. सुळे मोडले तर मोडले, लाकूड भरपूर आहे. स्विच बाजूच्या दाराच्या आत, लातूरचीच्या हाताशी. तिच्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि ते कौशल्य आता तिनेही घेतलंय, सापळे लावते तीच. एक्सपी तिचं.

पस्तिसाव्या रात्री काय झालं? पूर्वेची भिंत फुटली, मी दोनदा मेले आणि पहाटे चारला आम्ही कशाबशा उभ्या होतो. मरणाऱ्या झॉम्बींची संख्या कमी झाली असेल, पण बोळ शेवटपर्यंत चालू राहिला. पूर्वी पहिली पाच मिनिटं मिक्सर चालायचा आणि मग दहा मिनिटं पळापळ. पंधरा मिनिटांच्या परीक्षेत पहिल्या पाच मिनिटांचे मार्क वेगळे देत नाहीत.

काही जण म्हणतील, "गेमचं एवढं काय मनावर घेता?" मला वाटतं गेममध्येच घ्यावं, तिथे शिकायला स्वस्त पडतं. एका मुलीची पाठीवरची पिशवी बोळात सांडली, एवढ्यावर भागलं. खऱ्या पॅनलवर भागत नाही.

आणि आपल्याकडे बघा ना. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये डेमो देणारी एक, आणि आदल्या रात्री सुटलेलं सोल्डरिंग पुन्हा करणारी दुसरी. गॅदरिंगला माईकवर एक आणि स्टेजखाली वायरींवर टेप लावत दुसराच. वस्तू आणतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. ती चालू ठेवणाऱ्याला आपण निवडीच्या वेळी विचारतही नाही, आणि बिघडली की पहिली हाक मात्र त्यालाच. मजल्यावरच्या आम्ही सगळ्या काकांना हाक मारतो. काकांनी एकदा सांगितलं होतं की या पॅनलच्या समोर कपडे वाळत घालायची दोरी बांधू नका. ती अजून तिथेच आहे.

उद्या मी ती काढणार आहे. ज्यांचे कपडे असतील त्यांनी सकाळी आठच्या आत न्यावेत.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी, मुलींचं वसतिगृह