‘ताई, आता कुठलं बटण दाबू?’

भाईंदर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी दुपारी आम्ही चौघी-पाचजणी बसतो. आजूबाजूच्या बायकांचे निरनिराळ्या योजनांचे फॉर्म मोबाइलवरून भरायला मदत करतो. कुणी पोळ्या लाटायला जाणारी, कुणाचा नवरा इथल्याच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. फॉर्म अर्ध्यावर आला की ठरलेलं वाक्य येतं, “ताई, तुम्हीच भरा बाई. मला अडाणीला काय कळतंय त्यातलं!”

एका शनिवारी आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी येऊन बसली. अंधेरीला नोकरी करते. “कॉम्प्युटरवर बटणं काढते,” असं तिची आई सांगायची आणि आम्ही हसायचो. दोन तास तिनं कुणाला काही सांगितलं नाही, कुणाच्या फोनला हात लावला नाही. नुसती बघत होती, वहीत काहीतरी टिपत होती. मला जरा रागच आला. मदतीला आलीस ना गं?

उठताना तिनं वही पुढे केली. ‘ओटीपी नवऱ्याच्या फोनवर गेला, नवरा कामावर. सहा जणी.’ ‘आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. रकाना एकच.’ ‘प्रस्तुत करा म्हणजे काय, चौघींनी विचारलं.’ ‘मागे गेलं की भरलेलं सगळं पुसलं जातं.’

“काकू, यात बायकांची चूक एकही नाही,” ती म्हणाली. “हे पान करणाऱ्यानं धरूनच चाललंय, की प्रत्येक बाईकडे स्वतःचा फोन असतो आणि जन्मभर तिचं नाव एकच असतं.”

तिच्या कामाला ‘युजर एक्स्पिरियन्स डिझायनर’ म्हणतात. वापरणाऱ्याला काय जड जातं ते बघून स्क्रीनवरचं पान बेतायचं. हे नाव डॉन नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९३ च्या सुमारास अ‍ॅपल कंपनीत असताना रूढ केलं. त्याआधी १९८८ च्या आपल्या पुस्तकात त्यानं चक्क शेगडीचं उदाहरण घेतलं होतं. चार बर्नर, चार बटणं एका ओळीत, कुठलं कशाचं हे कळायचं कसं? भलतंच बटण फिरवून आपण स्वतःलाच वेंधळी म्हणतो. नॉर्मन म्हणतो, दोष शेगडी करणाऱ्याचा.

आपल्याकडेही हे काम झालंय, आणि तेही बाराखडीवर. पवईच्या आयआयटीत ‘आयडीसी’ ही डिझाइन शिकवणारी संस्था १९६९ पासून आहे. तिथले प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ‘कीलेख’ नावाचा कीबोर्ड केला, त्याविषयी २००४ साली लिहिलं. अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं, शाळेत शिकलो तशी. पुढे टचस्क्रीनच्या मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ आलं. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं, बोट तिकडे सरकवायचं. पाटीवर बाराखडी गिरवलेल्या बाईला यात नवीन शिकायला कितीसं उरलं?

आमच्या या मुलीचं रोजचं काम मात्र इतकं गोड नाही. सकाळची लोकल, मग कागदावर चौकटी काढणं, मग लोकांना बसवून ते कुठे अडखळतात ते बघणं, मग सगळं खोडून पुन्हा. “साहेबांना बटण अजून भडक हवं असतं,” म्हणाली. तिचा बराच वेळ खरेदीची पानं करण्यात जातो. माणसानं झटकन पैसे भरावेत म्हणून एवढी डोकी राबतात, आणि हक्काचे पैसे मागणाऱ्या बाईच्या फॉर्मला कुणी नाही, याचं मला वाईट वाटतं.

यासाठी इंजिनीअरच व्हायला हवं असं नाही बरं का. आयआयटी मुंबईच्या बी. डेस.ला ‘यूसीड’ परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि ती कला शाखेच्या बारावीलाही देता येते. तिच्यात चित्रकलेचा भाग असतो, निरीक्षणाचा कस लागतो. बाजारात कोण कुणाशी काय बोललं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगणारी पोरगी तुमच्या घरात असेल, तर तिला हे नाव कानावर घालून ठेवा.

फॉर्म काढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की तो बाहेर पडण्याआधी पाच बायकांकडून भरून घ्या. पाचच. याच विषयातल्या जेकब नील्सन या जाणकारानं २००० साली लिहिलंय, की पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. एका दुपारचं काम. चहा आम्ही देऊ.

वहीतली यादी आम्ही स्वच्छ लिहून संबंधित कार्यालयाला पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर आम्ही बायकांना शुक्रवारीच निरोप देतो, उद्या नवऱ्याला फोन घरी ठेवून जायला सांगा. काही जणी तो घेऊन येतात. परवा एक रिकाम्या हातानं आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “मागितला होता ताई. नाही देत तो.”