वॉर्निंग सोडून द्या, असं मीच शिकवलं होतं



शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स अपडेट केलं आणि दुसऱ्याच दिवशी गडबड सुरू झाली. कालपर्यंत बिनतक्रार तयार होणारे सी भाषेतले जुने प्रोग्रॅम आज तयारच होईनात. मुलं म्हणाली, "सर, नवीन कंपायलर बिघडलाय, जुनाच टाका ना!"

माझं मत विचाराल तर कंपायलर बिघडलेला नव्हता. लाल शाई जास्त दिसते म्हणून तपासणारे शिक्षक बदलायचे का?

झालं काय, ते पाहू. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी जीसीसी हा कंपायलर असतो. त्याची १४ वी आवृत्ती मे २०२४ मध्ये आली. त्याआधी एखादं फंक्शन न घोषित करता वापरलं, म्हणजे त्याची हेडर फाइल जोडायची राहिली, तर जीसीसी फक्त वॉर्निंग द्यायचा आणि 'हे पूर्णांक परत देत असेल' असं गृहीत धरून पुढे जायचा. आता तो तिथेच थांबतो. ही सवलत सी भाषेच्या नियमांतून १९९९ मध्येच गेली होती. म्हणजे २५ वर्षं चूक खपून गेली! आणि ती निरुपद्रवीही नाही. फंक्शन ६४ बिटांचा पत्ता परत देत असेल, तर ३२ बिटांचा पूर्णांक समजून अर्धा पत्ता कापला जातो. प्रोग्रॅम तयार होतो, पण चालताना कोसळतो.

असे धक्के प्रत्येक मोठ्या आवृत्तीत बसतात. २०२० च्या १० व्या आवृत्तीत एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत 'एक्स्टर्न' न लिहिता ठेवलेलं असेल तर लिंकर अडू लागला. २०२५ च्या १५ व्या आवृत्तीत सी२३ हे नवे प्रमाण आपोआप लागू झालं. 'बूल' हा आता भाषेचाच शब्द झाला, त्यामुळे स्वतःचा 'बूल' बनवणारे जुने प्रोग्रॅम अडले.

मग करायचं काय? मी मुलांना हा क्रम देतो:

१. शेवटची ओळ वाचू नका. ती 'एरर १', 'एरर २' एवढंच सांगते. वर जा, पहिली चूक शोधा. पुढच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

२. चूक कंपायलरची आहे की लिंकरची, ते ओळखा. अनेकदा कोणती हेडर फाइल हवी, ते जीसीसी स्वतःच सुचवतो.

३. पॅकेजची नवी आवृत्ती निघाली आहे का, ते पाहा. जीसीसीच्या मोठ्या आवृत्तीसोबत बदलांची मार्गदर्शिकाही मिळते, ती वाचा.

४. तरीही नाही जमलं, तर त्या एका पॅकेजपुरतं जुनं प्रमाण निवडा आणि तसं वहीत लिहून ठेवा.

उद्या प्रात्यक्षिक परीक्षा असेल तर चौथा उपाय आधी करायला माझी हरकत नाही. पण परीक्षा संपली की वही उघडायची, हे नक्की. नाहीतर तात्पुरतं ते कायमचं होतं.

आता कबुली देतो. "वॉर्निंग आहे, एरर नाही ना? मग सोडून द्या," हे वाक्य मुलांनी माझ्याकडूनच ऐकलं होतं. अनेक वर्षं. त्या दिवशी अडलेल्या प्रोग्रॅमांत माझ्या नोट्समधलेही होते. मुलांसमोर उभं राहून "चूक माझी होती, आज फक्त दिसली" असं म्हणताना जड गेलं. पण त्यानंतर एका विद्यार्थ्याने आपली वॉर्निंग स्वतःहून दाखवायला आणली, तशी ती याआधी कोणीच आणली नव्हती.

पालकहो, घरीही हेच होतं. गुण चांगले आले की वहीतला शेरा आपण वाचत नाही. मूल अडलं की लगेच उत्तर सांगून मोकळे होतो. पुढच्या वेळी एवढंच विचारून बघा, "पहिली चूक कुठे आहे, दाखव बरं?" आणि शोधायला त्याला वेळ द्या.